लॉटरी लागली असेल तर आधी झेरॉक्सच्या दुकानात जाऊ नका

दोन वर्षांपूर्वी दिवाळी झाल्यावर एका रात्री दाजींचा फोन आला, साडेअकरा वाजले असतील, आणि पहिलाच प्रश्न, "पाव्हणं, एकटेच हाव का?" मला वाटलं कुणाचं काहीतरी बरंवाईट झालं. तर लॉटरी लागली होती, आणि हजार-दोन हजाराची नाही, चांगली मोठी. गाव सांगणार नाही, तालुका सांगणार नाही, रक्कमपण खरी सांगणार नाही, लातूर जिल्हा एवढंच पुरे. हिशोबाला आपण २५ लाख धरू. आज दोन वर्षं झाली, गावात अजून कुणाला पत्ता नाही, ताईच्या सासरच्या भावकीला नाही, आमच्या आईलापण नाही. दाजींना विचारूनच हे लिहायलोय, कारण उद्या दुसऱ्या कुणावर अशी रात्र आली तर त्यानं कुणाला फोन करायचा हे त्याला माहीत नसतं.

मी कर सल्लागाराच्या ऑफिसात आठ वर्षं काम केलंय, त्यामुळं एकदम पैसा आलेली माणसं मोप बघितलीत. आपल्या मराठवाड्यात एकदम पैसा म्हणजे लॉटरी क्वचित, मावेजाच जास्त, म्हणजे सरकारी कामात गेलेल्या जमिनीचा मोबदला. समृद्धी महामार्गात जालना-संभाजीनगरकडच्या लोकांच्या जमिनी गेल्या, शेंद्रा-बिडकीनला एमआयडीसीत गेल्या, कुणाची धरणात गेली. मावेजा लपत नाही, गट नंबर जाहीर, निवाडा जाहीर, पैसे खात्यात पडायच्या आधी दारात प्लॉटवाला, गाडीवाला, विमावाला आणि लांबचा साडू असे सगळे हजर. लॉटरीत एक गोष्ट आपल्या बाजूनं असते, निकाल पेपरात नंबरानं छापून येतो, नावानं नाही. म्हणजे गुपित सुरुवातीला आपल्याच हातात असतं आणि ते फुटतं ते बहुतेक वेळा तोंडातून नाही, कागदातून फुटतं. हे मी परत परत सांगणार आहे कारण माणसं तोंड सांभाळतात आणि कागद उघडा टाकतात.

त्या रात्री मी दाजींना सांगितलं, तिकिटाच्या मागं सही करा, नाव-पत्त्याची जागा असेल तर भरा, प्लास्टिकच्या कव्हरात घालून पेटीत ठेवा आणि एक कॉपी काढून ठेवा. ही कॉपीची गोष्ट मी न विचार करता बोललो. सकाळी नऊ वाजता त्यांचा परत फोन, तिकीट शर्टाच्या खिशात घालून ते तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानासमोर उभे. आता ते दुकान डोळ्यासमोर आणा. पीक विम्याची गर्दी, मशीनवाल्या पोराच्या हातात तुमचा कागद, तो उलटा करून बघणार, तिकीट काचेवर ठेवणार, मागचे चार जण वाकून बघायलेत, आणि घाईत मूळ कागद काचेवरच विसरून माणूस झेरॉक्स घेऊन घरी जातो असं रोज होतं. आणि मोबाइलवरून पाठवली तर आणखी वाईट, दुकानाच्या व्हॉट्सॲपवर पाठवलेली फाइल त्यांच्या कॉम्प्युटरवर तशीच पडून राहते. मी म्हणलं दाजी, काही करू नका, चहा प्या आणि घरी जा. मग घरीच दार लावून दोन्ही बाजूंचे फोटो काढले. पण ते फोटोही मोबाइलच्या गॅलरीत ठेवू नका, लेकरं गेम खेळायला फोन घेतात आणि फोटो चाळत बसतात. आणि दोन-तीन फोन एकाच गूगल खात्यावर असतील तर फोटो आपोआप दुसऱ्या फोनवर दिसायला लागतो, ते आधी तपासा.

नंबर स्वतः दोनदा जुळवा, सिरीजसकट, अधिकृत निकाल बघून. ज्याच्याकडून तिकीट घेतलं त्याला दाखवून खात्री करायची घाई करू नका. तो वाईट माणूस असतो असं नाही, पण त्याच्या टपरीवर "इथल्या तिकिटाला बक्षीस लागले" असा बोर्ड लागला की त्याचा धंदा वाढतो, तो फोटो मागणारच, आणि फुलांचा हार घातलेला फोटो एकदा गेला की मग काही उपाय नाही. लहान बक्षीस विक्रेता देतो, मोठ्यासाठी क्लेम फॉर्म भरून लॉटरीच्या ऑफिसला द्यावा लागतो, आपल्या महाराष्ट्र राज्य लॉटरीचं ऑफिस नवी मुंबईत वाशीला आहे. कागद काय लागतात आणि मुदत किती ते तिकिटाच्या मागं छापलेलं असतं, चष्मा लावून नीट वाचा, मुदत गेली तर कुणी ऐकत नाही. पॅन आणि आधारवरचं नाव एकसारखं आहे का ते आधी बघा, आपल्याकडं एका ठिकाणी "राव" असतो आणि दुसऱ्या ठिकाणी नसतो. तिकीट चौघांत मिळून काढलं असेल तर क्लेम करायच्या आधी कुणाचा किती वाटा ते कागदावर लिहून चौघांच्या सह्या घ्या, पैसे आल्यावर दोस्तीचा हिशोब बदलतो.

इथं दोन सापळे सांगतो. एक, तुम्ही तिकीटच काढलं नाही आणि मेसेज आला की केबीसीची २५ लाखाची लॉटरी लागली, आधी टॅक्सचे पंधरा हजार भरा. ही सरळ फसवणूक आहे, खऱ्या लॉटरीत टॅक्स बक्षिसातूनच कापला जातो, आधी कुणी मागत नाही. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, जितकं लवकर तितकं बरं. परदेशी लॉटरीच्या नादाला तर लागूच नका, लॉटरीसाठी बाहेर पैसे पाठवायलाच आपल्याकडं फेमाच्या, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याच्या, नियमात बंदी आहे. दुसरा सापळा खऱ्या विजेत्याचा. कुणीतरी येऊन म्हणतो, तिकीट मला द्या, टॅक्स कापून जेवढे मिळणार त्यापेक्षा जास्त रोख देतो, तुमचं नाव कुठंच येणार नाही. गुपित राहावं म्हणून माणूस या बोलण्याला भुलतो. पण त्याला त्याचा काळा पैसा पांढरा करायचा असतो म्हणून तिकीट हवं असतं, आणि एवढी रोकड तुम्ही ठेवणार कुठं, दाखवणार कशी? एका दिवसात एका माणसाकडून दोन लाख किंवा जास्त रोख घेणंच कायद्यात बसत नाही, घेतली तेवढाच दंड होऊ शकतो. पैसा लपवायचा तो गावापासून, सरकारपासून नाही. टॅक्स भरलेला पैसा असला की रात्री झोप लागते.

टॅक्सचा हिशोब सोपा आहे पण एका ठिकाणी सगळे फसतात. लॉटरीवर सरळ ३० टक्के, त्यात सूट नाही, विमा-पीपीएफ दाखवून कमी होत नाही, बाकी उत्पन्न शून्य असलं तरी ३० टक्केच. बक्षीस १० हजाराच्या वर असलं की देणाराच ३० टक्के टीडीएस कापतो. म्हणजे २५ लाखाचे साडेसात लाख कापून साडेसतरा लाख खात्यात येतात आणि माणसाला वाटतं टॅक्स झाला, विषय संपला. नाही संपला. त्या टॅक्सवर ४ टक्के सेस असतो, तो टीडीएसमध्ये कापलेला नसतो, म्हणजे अजून ३० हजार तुम्ही स्वतः भरायचेत. एकूण उत्पन्न ५० लाखाच्या वर गेलं तर टॅक्सवर १० टक्के सरचार्जपण लागतो, ६० लाखाचं बक्षीस धरलं तर १८ लाख कापून झाल्यावरसुद्धा २ लाख ५९ हजार २०० रुपये भरायचे राहतात. हे पैसे त्या दिवशीच बाजूला काढून ठेवा. ॲडव्हान्स टॅक्सच्या तारखा १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च, पैसे मिळाल्यानंतर जी येईल तिला भरून टाका नाहीतर व्याज लागतं. रिटर्न भरायचंच, आणि गावातल्या ऑनलाइन सेंटरवर नाही, लातूरला, सोलापूरला, पुण्याला जिथं आपल्याला कुणी ओळखत नाही तिथल्या सीएकडं. आणि मावेजाला टॅक्स नसतो म्हणून लॉटरीलापण नसेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, मावेजाला सूट २०१३ च्या भूसंपादन कायद्यातल्या ९६ कलमामुळं आहे, लॉटरीला तसं काही नाही.

आता बँक. गावातल्या शाखेत खातं असतं, शाखेतला शिपाई आपल्याच आळीतला, पासबुक छापायच्या लाइनीत मागचा माणूस खांद्यावरून बघतोय, मशीनमधून पान बाहेर येताना आकडा सगळ्यांना दिसतो. दाजींनी क्लेमच्या आधी लातूरला एका सरकारी बँकेत नवीन खातं उघडलं, पासबुक घेतलं पण कधी भरून आणलं नाही, स्टेटमेंट ईमेलवर. पण एसएमएसचा विसर पडला होता. जुना नंबर खात्याला जोडलेला, आणि तो फोन दिवसभर पोरीकडं, अकरावीचे क्लास ऑनलाइन म्हणून. पैसे जमा झाले त्या दिवशी योगायोगानं फोन चार्जिंगला होता आणि ताईनं मेसेज आधी बघितला. तेव्हा नवीन खात्याला असा नंबर जोडा की तो फोन तुमच्याशिवाय कुणाच्या हातात जात नाही.

पैसे एकाच ठिकाणी ठेवू नका. बँक बुडाली तर एका बँकेत एका माणसाचे व्याजासकट ५ लाखापर्यंतच विम्यात येतात, म्हणून तीन-चार बँकांत विभागून एफडी करा. आणि मल्टिस्टेटवाला, पतसंस्थेवाला बारा टक्के, चौदा टक्के देतो म्हणून घरी येईल त्याला चहा पाजून परत पाठवा. पतसंस्थेतल्या ठेवीला हा ५ लाखाचा विमा नसतो. बीड, लातूर, परभणी, जालना, कुठंही विचारा, पोरीच्या लग्नाचे पैसे अडकून बसलेली माणसं भेटतील, ऊसतोडीचे साठवलेले पैसे गेलेली माणसं मी स्वतः ऑफिसात रडताना बघितलीत. मला हे लिहितानापण राग येतो. आणि एजंट नात्यातलाच असतो, त्याला कळलं म्हणजे गावाला कळलं.

बायकोला सांगायचं का? सांगायचंच, पहिल्याच दिवशी, सीएच्या आधी. बायकोपासून लपवलेला पैसा घराला लागत नाही, आणि उद्या तुमचं काही झालं तर तिला कुठं काय आहे ते माहीत नसेल तर तो पैसा बँकेतच सडणार. तिच्या नावावर एफडी केली तर गिफ्ट म्हणून टॅक्स नाही, पण त्याचं व्याज तुमच्याच उत्पन्नात धरतात, एवढं लक्षात ठेवा. बाकी कुणाला सांगायचं ते दोघांनी बसून ठरवा. आमच्यात तीन माणसं झाली, दाजी, ताई आणि मी. भावाला सांगितलं की भावजयीला कळतं, तिच्या माहेरी कळतं, यात वाईट कुणीच नसतं पण गोष्ट पुढं जातेच.

मग सहा महिने काहीच करायचं नाही. खरंच काहीच नाही. फक्त कर्ज, आणि त्यातपण क्रम आहे. आधी खासगी सावकाराचं, मग सोन्यावरचं, मग ट्रॅक्टरचं. पीक कर्ज सगळ्यात शेवटी, कारण ३ लाखापर्यंतचं वेळेवर फेडलं तर व्याज पडतच नाही, ते दरवर्षी नेहमीसारखं फेडा आणि उचला. आणि कर्ज फेडलं तरी कागद बोलतो बघा, बँकेचा बोजा उतरला की सातबाऱ्यावर दिसतो, सातबारा आता कुणीपण मोबाइलवर काढून बघतं, आणि आपल्या भावकीत असं बघणारा एक माणूस असतोच. सावकाराचं दाजींनी एकदम नाही दिलं, सोयाबीन विकल्यावर थोडं, तूर निघाल्यावर थोडं, मोंढ्यात माल घातल्यावर जसं देतो तसं, फक्त नेहमीपेक्षा जरा जास्त. व्याज थोडं जास्त गेलं. पण सावकार चावडीवर बसणारा माणूस होता.

जमीन घ्यायची उबळ सगळ्यांना येते, मलापण आली असती. पण गावात जमीन घेतली की फेरफाराची नोटीस चावडीवर लागते, हरकतीला पंधरा दिवस, आणि ती नोटीस गाव वाचतं. त्याच्याही आधी भाव वाढतो, तुमच्याकडं पैसे आहेत हे कळलं की दहा लाखाची जमीन चौदाला सांगतात. वर्षभर थांबा. नंतर घेतली तर कर्ज काढून थोडी घ्या, पैसे असून थोडं कर्ज काढणं वेडेपणा वाटेल पण लोकांना कारण दिसतं. गाडी, बंगला, सराफ्याकडची मोठी खरेदी, हे सगळं तसंच. २०२५-२६ ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ होता आणि बाजारात तोही मिळत नव्हता म्हणून सगळे ओरडत होते, अशा वर्षी तुमच्या दारात नवी स्कॉर्पिओ उभी राहिली तर कुणाला सांगणार की पिकलं म्हणून? बोअर, ठिबक, पाइपलाइन, गोठ्यावर पत्रे, लेकरांची फी, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, यात पैसे घातले तर कुणी बघत नाही आणि ते खरे उपयोगाचेपण आहेत.

आणि एक जे कुणाच्याच डोक्यात येत नाही. इन्कम टॅक्स भरला की पीएम किसानला अपात्र होता, घरात टॅक्स भरणारा असला की लाडकी बहीणसुद्धा बसत नाही. हे बंद व्हायची वाट बघू नका, आपणहून सोडा, अपात्र असून घेतलेले हप्ते वसूल होतात आणि त्याची नोटीस आली तर ती तलाठी, सरपंच सगळ्यांच्या हातातून येते. ताईला भीती होती की बायका विचारतील. एकीनं विचारलं, ताई म्हणाली बंद झाले माझे, आणि विषय तिथंच संपला, कारण गावात केवायसीवरून कुणाचा ना कुणाचा हप्ता अडकलेलाच असतो.

आता उसनवारी. हे सगळ्यात अवघड. पैसा कुणाला माहीत नसला तरी मागणारे येतातच, नेहमीच येत होते, फरक इतकाच की आता तुमच्याकडं असतात आणि नाही म्हणताना जीभ अडखळते. येळवसला, म्हणजे वेळ अमावस्येला शेतात जेवायच्या सणाला, आम्ही सगळे दाजींच्या शेतात होतो, कडब्याच्या कोपीपुढं पंगत बसलेली, भज्जी, उंडे, बिंदग्यात आंबील, आणि चुलत भाऊ दाजींच्या शेजारी बसून हळूच म्हणाला, दोन लाखाचं काही होतंय का बघा, पोराला पुण्याला टाकायचंय. दाजींच्या हातातला घास तसाच राहिला. मला वाटलं आता फुटतंय. ते एवढंच म्हणाले, "दोन लाख नाही व्हायचं माझ्याच्यानं, पण फीची पावती दाखव, काहीतरी बघू." महिन्याभरानं पस्तीस हजार कॉलेजच्या खात्यात थेट भरले, परत मागितले नाहीत.

मला हे उत्तर फार बरोबर वाटतं. खोटं बोलायचं नाही कारण खोटं लक्षात ठेवावं लागतं, आणि एफडीत अडकलेत असं तर चुकूनही म्हणायचं नाही, त्यातच सगळं आलं. लगेच हो नाही, लगेच नाही पण नाही, "घरी बोलून सांगतो" म्हणा, आपल्याकडं हे सगळ्यांना पटतं. द्यायचं तर परत येणार नाही असं धरून द्या, तेवढंच द्या जेवढं तुम्ही लॉटरीच्या आधीपण कसंबसं दिलं असतं, आणि शक्यतो फी, दवाखाना, बियाणं असं थेट भरा. माझं मन सांगतं की ज्याच्याकडं आलंय त्यानं चार लेकरं शिकवावीत, फक्त त्याचा गाजावाजा नको. मंदिराला द्यायचं असेल तर नाव फळ्यावर न लिहिता दानपेटीत टाका, वर्गणीच्या यादीत नेहमी ५०१ देत होतात तर ५०१च.

शेवटचं काम बहुतेक जण ठेवूनच देतात. सगळ्या खात्यांना नॉमिनी लावा, आता बँकेत चारपर्यंत लावता येतात. आणि मृत्युपत्र करा. त्याला स्टॅम्प पेपर लागत नाही, साध्या कागदावर चालतं, नोंदणीपण सक्तीची नाही. दोन साक्षीदार लागतात, त्यांनी तुम्हाला सही करताना बघायचं आणि त्यांनी तुमच्यासमोर सही करायची, आत काय लिहिलंय ते त्यांना वाचायला द्यायची गरज नाही, वरचा मजकूर झाकून सही घेतली तरी चालते. फक्त ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. दाजींनी लातूरला सीएच्या ऑफिसात केलं, साक्षीदार तिथलीच दोन माणसं. आता एका खाकी पाकिटात ते मृत्युपत्र, एफडीच्या पावत्या, टीडीएसचं सर्टिफिकेट आणि बँकांची एक हातानं लिहिलेली यादी, असं सगळं बियाण्याच्या पावत्यांच्या खाली पत्र्याच्या पेटीत आहे. पेटीची एक किल्ली ताईकडं, दुसरी माझ्याकडं. दर दिवाळीला पाडव्याच्या रात्री लेकरं झोपली की ताई आणि दाजी ती यादी काढतात, कुठली एफडी कधी संपते ते बघून पेन्सिलीनं नवीन तारीख लिहितात आणि परत पावत्यांच्या खाली ठेवून देतात.